राहिलेली एक जोडी

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. बुटांना चकाकी आणणारा. माझी पाठ शिसवी लाकडाची आणि केस घोड्याचे. ते केस आता एका बाजूने पार झिजले आहेत, कारण मला वापरणारे डावखुरे होते आणि त्यांचा जोर नेहमी त्याच बाजूला पडायचा.

त्यांचे नाव इंद्रजीत. घर खुटबावजवळच्या वस्तीवर, घराणे शेतकऱ्यांचे. त्यांनी मला विकत घेतले तेव्हा ते नुकतेच लेफ्टनंट झाले होते आणि शीख जवानांच्या पलटणीत त्यांची नेमणूक झाली होती. फौजेत एक रीत आहे. जवान जिथे डोके टेकवतात, तिथे त्यांच्या अधिकाऱ्यानेही टेकवायचे. म्हणून पहिल्याच रविवारी साहेब गुरुद्वाऱ्यात गेले. दारापाशी सुभेदार करनैल सिंग जमिनीवर बसून सेवा म्हणून सगळ्यांचे जोडे पुसत होते. साहेब थबकले.

सुभेदार हसले. "साबजी, यहाँ रँक भी जूतों के साथ बाहर रहती है. बैठना है तो बैठ जाओ."

साहेब बसले. पुढच्या रविवारी जाताना त्यांनी मला खिशात घातले. गळ्यात घरच्या भैरवनाथाचा ताईत आणि हातात मी. त्या दोघांचे कधी भांडण झाले नाही.

पुढे लग्न झाले. सुलोचनाबाई शिरूरहून आल्या, मग तेजश्री जन्मली. रविवारी संध्याकाळी साहेब घरातल्या सगळ्या चपला-बूट ओळीने मांडत. तेजश्रीच्या शाळेच्या बुटांवर त्यांचा हात सगळ्यात जास्त वेळ फिरे.

"बाबा, टाच कशाला पुसता? ती कुणाला दिसते?"

"येणाऱ्याचा चेहरा दिसतो, तेजू. जाणाऱ्याची टाच दिसते."

सीमेवर नेमणूक झाली की ते मला घरी ठेवून जात. "मी तिकडं फडक्यानं भागवीन," ते सुलोचनाबाईंना सांगत, "तेजूचे बूट थांबायला नकोत." मग मी सुलोचनाबाईंच्या हातात येई. त्या बूट पुसत आणि मधेच थांबून फोनकडे बघत बसत. तो थांबलेला हात मला ठाऊक आहे.

कर्नल होऊन साहेब निवृत्त झाले आणि वस्तीवर परतले. गावाला वाटले, आता हे झेंडावंदनाला पाहुणे म्हणून येतील, खुर्चीवर बसतील. साहेब रविवारी भैरवनाथाच्या देवळात गेले, पायरीखाली पोते अंथरले आणि भजनाला आलेल्यांच्या वहाणा पुसायला बसले.

गोंधळच उडाला. बायका चपला पदराखाली लपवू लागल्या. कुरकुंभच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेली पोरे जड बूट हातात घेऊन उभी राहिली. शेवटी रंगुबाई पुढे झाल्या.

"अवं सायेब, माझ्या चपलंला अंगठा न्हाई. पुसून काय उपेग?"

"अंगठ्याचं चांभाराकडं बघा, मावशी. पुसायचं माझ्याकडं लागलं."

"मंग पुसा बया! कर्नलनं पुसलेली चप्पल हाय म्हनून सुनंला तरी सांगीन."

सगळे हसले आणि वहाणा पुढे सरकल्या. हसले नाहीत ते एकटे बापूसाहेब, साहेबांचे थोरले भाऊ. साहेबांच्या शिक्षणासाठी स्वतःचे शिक्षण सोडून त्यांनी नांगर धरला होता.

"इंदर, ऊठ. तुला लोकांनी सॅल्यूट ठोकावा म्हनून मी ढेकळं तुडवली. आन् तू हितं त्यांचीच पायताणं पुसतोस व्हय?"

"दादा," साहेब म्हणाले, "म्हणूनच तर. तुमची जोडी पहिली द्या."

बापूसाहेबांनी दिली नाही. देव सोडवेना आणि वहाणाही द्यायच्या नाहीत, म्हणून ते पुढच्या रविवारपासून घरूनच अनवाणी येऊ लागले. उन्हात, चिखलात, अनवाणी. लोकांना वाटले, म्हाताऱ्याने काहीतरी नवस बोललाय. साहेब त्यांच्या पायांकडे बघत आणि मला पोत्यावर ठेवताना हळूच म्हणत, "एक जोडी राहिली."

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढीच एक इच्छा झाली. ती एक जोडी यावी.

ती आली नाही. माघात एका सकाळी साहेब देवपूजा करता करता गेले. दौंड-शिरूरकडचे माजी सैनिक आले, त्यांचे बूट आरशासारखे होते. तेराव्याला साहेबांचे कपडे, छत्री, बूट देऊन टाकायला एका पिशवीत भरले. मीही त्याच पिशवीत होतो. तेजश्रीने मला बाहेर काढले. शिरूरच्या कॉलेजात शिकवते ती, बोलते कमी. माझ्या झिजलेल्या बाजूवरून तिने अंगठा फिरवला आणि मला पर्समध्ये ठेवले.

पुढच्या रविवारी ती देवळात पोत्यावर बसली. वहाणा आपोआप ओळीने लागल्या. भजन सुरू व्हायच्या बेताला बापूसाहेब आले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या पायांकडे गेल्या.

पायांत वहाणा होत्या.

त्यांनी त्या काढून तेजश्रीपुढे ठेवल्या. "एक जोडी ऱ्हायली म्हनायचा न्हवं तुझा बाप? मला ऐकू यायचं." त्यांनी जोडी आणखी थोडी पुढे सरकवली. "पूस, पोरी."

तेजश्री डावखुरी नाही. तरी तिने मला डाव्या हातात धरले. हात अवघडत होता, पण तिने घाई केली नाही. टाचा शेवटी पुसल्या.

भजन संपले. सगळे आपापल्या वहाणा घालून निघाले. बापूसाहेबांनी आपली जोडी उचलली, न्याहाळली, छातीशी धरली आणि नेहमीसारखे अनवाणी घराकडे चालू लागले. त्यांच्या भेगाळलेल्या टाचा वळणापर्यंत दिसत होत्या. तेजश्री तिथपर्यंत बघत राहिली.

मित्रांनो, मी आता थोडाच टिकेन. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. केस झडले की मला टाकून द्या. पण घरातले कुणी प्रेमाने तुमच्या वहाणांना हात घालू लागले, तर पाय मागे घेऊ नका. त्याचा हात आहे तोवर जोडी पुढे करा.