शिगेने भरलेले कोळवे

मी एक जुने कोळवे आहे. मित्रांनो, कोळवे म्हणजे धान्य मोजायचे छोटे पितळी माप. मुठा गावात साळूबाईंच्या घरी माझी सारी हयात तांदूळ मोजण्यात गेली. वर टोपीसारखी शीग चढल्याशिवाय त्या मला उचलतच नसत. "साळूबाईचा हात लई मोठा हाय," असे लोक म्हणत आणि मीही फुशारून जाई.

पुढे घरात वजनकाटा आला आणि मी फळीवर धूळ खात पडले. सून रेश्माने ससे पाळले, तेव्हा तिने मला घासूनपुसून पुन्हा कामाला लावले. नुकतेच आईचे दूध तुटलेली अकरा पिल्ले होती. या वयात त्यांचे पोट फार नाजूक असते. खाद्य नीट पचावे म्हणून डॉक्टरांनी एक आंबट पावडर दिली होती. खाद्याच्या एका पोत्यात एक कोळवे, तेही सपाट.

रेश्मा चार दिवस माहेरी, नेऱ्याला गेली. जाताना तिने माप बजावून सांगितले. पण नवे पोते फोडल्यावर साळूबाईंनी मला शिगेने भरले, तेही दोनदा.

"बारकी लेकरं हायेत. त्यांच्यापाशी कसली कंजुषी?"

लाज वाटते सांगायला, पण कितीतरी वर्षांनी शीग चढली म्हणून मी तेव्हा सुखावले होते.

पिल्लांनी खाणे कमी केले, मग त्यांना हगवण लागली. रेश्मा परतली तोवर चार पिल्ले गेली होती.

"आत्या, पावडर किती घातली?"

"तू सांगितलीस तेवढीच."

मी शेजारीच होते. रेश्मा स्वतःलाच दोष देत राहिली आणि तेच खाद्य पिल्लांपुढे राहिले. सकाळी पाचवे पिल्लू मेलेले दिसले.

"मला न्हाई जमायचं ह्ये. देऊन टाकते सगळी," म्हणत तिने पिंजरा उघडला.

तेव्हा साळूबाई मला घेऊन आल्या. सुनेसमोर त्यांनी मला शिगोशीग भरले. पावडर सांडत होती.

"आसं भरलं हुतं म्या. दोनदा. वर तुज्याशी खोटं बोलले."

रेश्माने पिंजरा लावला आणि पोते ओढत बाहेर नेले.

"काल सांगितलं असतं, तर कालच खाद्य बदललं असतं, आत्या."

मित्रांनो, मुक्या जिवाला किती सोसते ते विचारूनच त्याच्यापुढे काही ठेवा. आणि चुकलात तर त्याच दिवशी सांगा. आमचे पाचवे पिल्लू त्या एका दिवसात गेले.