फळीपल्याडचा तास

मी प्लायवूडचं पार्टिशन बोलतोय. जयसिंगपुरातल्या एका इंग्रजी शाळेत अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये आकाराम सुतारांनी मला पाचवीच्या वर्गात मधोमध ठोकलं आणि एका खोलीच्या दोन केल्या. प्लाय कमी पडलं, बोटभर फट राहिली. "ऱ्हाऊ दे की, वारं खेळतंय," म्हणून ते निघून गेले.

माझ्या एका अंगाला खरी पाचवी, दुसऱ्या अंगाला तयारी वर्ग. मराठी शाळांतून आलेली बारा पोरं तिथं बसायची. वर्षभर इंग्रजी शिकायचं, एप्रिलात हेडमास्तरांपुढं तोंडी परीक्षा. पास झालं तर पलीकडं, नाहीतर आपल्या गावी परत.

शिवलीला शिरोळची. घरात आईशी कानडी, गल्लीत मराठी, आता हे तिसरं. वडील रेवणसिद्ध तिला सोडायला आले तेव्हा म्हणाले, "सर, पोरगी लई आशेनं आल्या. परत धाडू नगासा."

तयारी वर्गाचे सयाजी सर सोन्यासारखा माणूस. पण त्यांचं सगळं पाठांतरावर. 'माय स्कूल'ची दहा वाक्यं पोरं इतक्या जोरात म्हणायची की माझे खिळे हलायचे. अर्थ विचारला, की पुन्हा पहिल्यापासून तीच दहा वाक्यं.

पलीकडं विद्याश्री मॅडम विज्ञान शिकवायच्या. एकदा भिजलेले हरभरे दाखवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, बी पाण्यात टाकलं की काय होतं? पोरं पुस्तकाची पानं उलटू लागली. तेवढ्यात माझ्या फटीतून शिवलीलाचा आवाज गेला, "मॅडम, सीड वॉटर ड्रिंक! देन फुगिंग!"

पाचवी खदाखदा हसली. सयाजी सर धावत गेले. "माफ करा मॅडम, आमच्यातली हाय."

"सर, उत्तर बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "हिला रोज माझ्या तासाला पाठवा."

हेडमास्तर ऐकेनात. "इंग्रजी आल्याशिवाय पलीकडं न्हाई. नियम हाय."

मग सयाजी सरांनी नियम पाळला. विज्ञानाचा तास लागला की बारा पोरं माझ्या फटीला लावून बसवायची, आणि सर्वांत पुढं स्वतः. "सर, सरका की, आमाला बी ऐकू दे," शिवलीला म्हणायची. मॅडमही हळूहळू फटीकडं तोंड करून शिकवू लागल्या.

एप्रिल आला. शिवलीला हेडमास्तरांपुढं उभी राहिली. 'माय स्कूल'ची तीन वाक्यं झाली आणि ती खिडकीकडं बघत अडकली. सयाजी सरांनी कपाळाला हात लावला. रेवणसिद्ध दारात टोपी चुरगाळत होते.

"कंटिन्यू!" हेडमास्तर गरजले.

"सर, टँक फुल! वॉटर गोइंग! युवर स्कूटर बाथ!"

हेडमास्तर उठून पळाले. टाकीची मोटर बंद करून, गुडघ्यापर्यंत भिजून परत आले.

"पाठांतर राहिलं हिचं, सर," सयाजी सर चाचरत म्हणाले.

"मरू दे पाठांतर! गेला अर्धा तास मी इंग्रजी ऐकतोय. कळलं तेवढं एकच."

नऊ पोरं पास झाली. उरलेल्या तिघांना विद्याश्री मॅडमनी मागून घेतलं. जूनमध्ये मला उखडलं. दोन्ही वर्ग एकत्र बसले, आणि शिकवायला सर-मॅडम दोघंही.

त्याला आठ वर्षं झाली. आता मी लिंबाखाली चार विटांवर आडवा पडलोय. दुपारी पोरं माझ्यावर डबे उघडतात. एक कानडीत चटणी मागतो, दुसरी मराठीत नको म्हणते, तिसरा इंग्रजीत दोघांची भाकरी पळवतो. तेलानं माझा रंग गेलाय, एक कोपरा वाळवीनं खाल्लाय. त्याचं काही नाही. एवढंच सांगणं आहे, पुन्हा कधी खोली अपुरी पडली, तर मला उभं करू नका.