आभाळात अडकलेला खवला

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. गवत खाणारी नव्हे. जिच्यावर चित्र टेकवून रंगवतात, ती तीन पायांची, लाकडाची. माझा डावा पाय मात्र हेरिंग माशाच्या पिंपाच्या फळीचा आहे. मूळचा पाय काटवाइक या समुद्रकाठच्या गावातल्या वाऱ्याने पहिल्याच आठवड्यात मोडला.

माझी मालकीण हिल्लेगोंडा. डॉक्टरांची धाकटी मुलगी, हट्टी म्हणून गावभर प्रसिद्ध. तिला समुद्र रंगवायचा होता, तोही खिडकीतून नव्हे, किनाऱ्यावर उभं राहून. वडिलांनी तीन वर्षं मुभा दिली. तिसऱ्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं, की यंदा हेग शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात चित्र लागलं नाही, तर घरी बसून चहाच्या तबकांवर फुलं काढायची.

त्या ऑक्टोबरात वारा असा सुटला, की मी चित्रासकट उडालेच असते. तेवढ्यात मासे विकणारी लेन्त्ये आली. टोपली खाली ठेवून ती सरळ माझ्या पायावर बसली आणि तिने चित्राची कड धरली. चार दिवस ती अशी रोज येऊन बसली. वर टर उडवायची, "बाई, एवढ्या वेळात माझा नवरा इंग्लंडच्या किनाऱ्याला जाऊन आला, आणि तुमची एक लाट होईना!"

शेवटच्या दिवशी तिचा अंगठा ओल्या आभाळावर टेकला आणि हेरिंगचा एक खवला रंगात रुतला. हिल्लेगोंडा तो काढायला गेली.

"राहू द्या हो," लेन्त्ये म्हणाली. "चार दिवस मीही बसलेय. माझीही सही असू दे."

खवला राहिला.

हेगला घोड्या कमी होत्या, म्हणून चित्राबरोबर मलाही नेलं. निवड करणाऱ्या तिघांतले दाढीवाले गृहस्थ म्हणाले, की असल्या वाऱ्यात बाई उभीच राहू शकणार नाही. हे कुणाचं तरी पाहून खोलीत काढलेलं आहे. हिल्लेगोंडाने त्यांचं बोट धरून आभाळावरून फिरवलं. वाऱ्याने उडून रंगात चिकटलेली वाळू खरखरली. मग बोट खवल्याशी थांबलं.

"हे काय?"

"हेरिंग," ती म्हणाली. "तो खोलीत येत नाही."

बाकीचे दोघे पोट धरून हसले. शेवटी दाढीही हसली. चित्र लागलं, तेही दारासमोरच्या भिंतीवर! वडील रविवारचा कोट घालून आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी लोकरीचे मोजे घालून जा." मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

पुढे एकतीस वर्षं आम्ही समुद्र रंगवला. ती मुलींना शिकवू लागली, तेव्हा पहिला धडा हाच असे, की वारा सुटला तर एकीने दुसरीची घोडी धरून बसायचं.

आता मी तिच्या भाचीच्या माळ्यावर असते. परवा एका भल्या माणसाने मला साबणाने घासायला घेतलं. मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ जरूर झटका, पण घासण्याआधी जरा विचारा. माझ्या फटींत अजून काटवाइकची वाळू आहे, आणि पिंपाच्या पायाला माशांचा वास. तो तेवढा राहू द्या. तिथे लेन्त्ये बसायची.