एका घराला एकच बोनस

सुशांत साठे डावखुरा आहे, हे अमेरिकेतल्या एडिसन गावच्या त्या गेस्ट हाउसमधल्या सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. अतुलने चुकून त्याचा चहाचा मग वापरला. सुशांतने डाव्या हाताने त्याची मान धरली आणि सिंकमधल्या खरकट्या पाण्यात त्याचं तोंड दाबून धरलं. मग सोडून पाठीवर थाप मारली. "मजाक होती यार!" अतुल दोन दिवस खोकत होता. त्यानंतर सुशांतला उलट उत्तर कोणी दिलं नाही.

गेस्ट हाउस हे नुसतं नाव. कन्सल्टिंग कंपनीने भाड्याने घेतलेलं ते जुनं घर होतं आणि भारतातून आणलेले इंजिनियर प्रोजेक्ट मिळेपर्यंत तिथे कोंडलेले असायचे. तोवर पगार नाही. २००५ च्या हिवाळ्यात तिथे चौघे होते: सुशांत, अतुल, कुमार आणि नागपूरचा प्रल्हाद बोरकर.

प्रल्हाद टेस्टर होता. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून पोट भरणारा माणूस. आपलीही चूक होऊ शकते, हे त्याच्या गावीही नव्हतं. रिकामपणी त्याने ऑनलाइन कॅसिनोच्या बोनसचं कोडं सोडवलं. तुम्ही पाचशे डॉलर भरलेत की कॅसिनो वर पाचशे देतो. पण ते लगेच काढता येत नाहीत. हजाराच्या वीसपट, म्हणजे वीस हजारांच्या पैजा लावून झाल्याशिवाय पैसा हलत नाही, आणि लोक नागवले जातात ते तिथेच. फक्त ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ, पत्ता कधी घ्यायचा नि कधी थांबायचं हे सांगणारा तक्ता समोर ठेवून खेळलं, तर शंभराला सरासरी अर्धा डॉलर जातो. वीस हजारांवर शंभर गेले, तरी बोनसचे चारशे उरले.

"अरे बापा, हा जुगार नाही, गणित आहे," तो सगळ्यांना सांगत सुटला.

सुशांतला पैसे हवेच होते. त्याची बायको कादंबरी शनिवारी नेवार्कला उतरणार होती. चार पुरुषांच्या घरात तिला ठेवणार कुठे? ओक ट्री रोडजवळ त्याने अपार्टमेंट पाहिलं होतं. त्यासाठी आधी दोन हजार भरायचे होते आणि त्याच्याकडे होते हजार. त्यातले पाचशे त्याने प्रल्हादच्या हवाली केले.

"घालवलेस तर दात घशात घालीन," तो म्हणाला आणि हसला. मग प्रल्हादही हसला.

कॅसिनोच्या नियमांची सगळी पानं प्रल्हादने वाचली होती. त्यात सरळ लिहिलं होतं, एका घराला एकच बोनस. तिथे तो क्षणभर अडखळला. पण आपण कसलं एक घर? चार आडनावं, चार गावं, फ्रिजमधल्या दुधाच्या कॅनवरसुद्धा चौघांची नावं वेगळी. लग्नाच्या पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहून बोलावतात, ते घर! अमेरिकेतल्या नियमाचा अर्थ या उंटावरच्या शहाण्याने असा लावला आणि पान उलटलं.

एकाच कॉम्प्युटरवरून, एकाच पत्त्यावर चार खाती उघडली गेली. तीन दिवसांत पैजा पुऱ्या झाल्या. सुशांतचं नशीब जोरात होतं, त्याच्या खात्यात सतराशे जमले. त्याने प्रल्हादला उचलून गरागरा फिरवलं. पैसे काढायला गेल्यावर कॅसिनोने पासपोर्ट आणि विजेचं बिल मागितलं. घरात बिल एकच होतं. चौघांनी तेच पाठवलं.

गुरुवारी दुपारी मेल आली. एका घरातून चार बोनस घेतल्याबद्दल चारही खाती बंद. जिंकलेले आणि भरलेले सगळे पैसे जप्त. प्रल्हादने ती मोठ्याने वाचली, आणि वर स्वतःची हुशारी सोडवेना म्हणून बोलून गेला, "हा क्लॉज मी पाहिला होता, पण..."

"पाहिला होतास?" सुशांतने विचारलं.

पहिला ठोसा प्रल्हादच्या उजव्या जबड्यावर बसला. काहीतरी कडकन मोडलं आणि तोंडात गरम, खारट रक्त भरलं. तो खुर्चीसकट पडला. सुशांतने कीबोर्ड उपटून त्याच्या डोक्यात घातला, एकदा, दोनदा, बटणं कार्पेटवर उडेपर्यंत. मग केस धरून त्याला फ्रिजपर्यंत ओढलं आणि डोकं दारावर आपटायला लागला. कुमार मधे पडला, त्याला कोपर बसलं नाकावर. अतुल सिंकला टेकून नुसता उभा होता, स्वतःची मान चोळत. सगळ्यांत वाईट म्हणजे सुशांत ओरडत नव्हता. सवयीचं काम करावं तसा शांतपणे मारत होता.

शेजारणीने पोलिसांना फोन केला. सायरन ऐकून सुशांत थांबला. पोलिस दारात येण्याआधी अतुल प्रल्हादशेजारी वाकला. "जिन्यावरून पडलो म्हण. एका घरात राहणाऱ्याने मारलं आणि जखम दिसली तर इथे अरेस्ट करतातच. सुशांतचा व्हिसा जाईल. वहिनी परवा येतायत यार."

पोलिसाने टेबलावर उडालेला दात पाहिला आणि प्रल्हादला सुशांतकडे बोट करून विचारलं, "तुम्ही दोघं एकाच घरात राहता?"

प्रल्हादची जीभ दाताच्या रिकाम्या जागेत गेली. मनात न्यायबिय काही नव्हतं. निव्वळ सूड होता, आणि तो गोड लागत होता.

"हो," तो म्हणाला. "आम्ही एका घरातलेच. यानेच मारलं."

बेड्या पडल्यावर सुशांत पहिल्यांदा ओरडला, "कादंबरीला घ्यायला कोण जाणार?"

तो प्रश्न प्रल्हादला दोन दिवस झोपू देईना. आपल्या शहाणपणापायी एका बाईचा संसार सुरू होण्याआधीच मोडला, असं त्याला वाटत राहिलं. शनिवारी तोच विमानतळावर गेला, सुजलेलं तोंड घेऊन. अतुलच्या वसुधाकाकूंकडे, जवळच्याच आयसेलिनला, तिची सोय केली होती.

फोटोत पाहिलेली कादंबरी ट्रॉली ढकलत बाहेर आली. त्याने नाव सांगितलं. तिने त्याच्या मागे, आजूबाजूला पाहिलं, मग त्याच्या उजव्या गालाकडे.

"काय झालं?"

"जिन्यावरून पडलो," प्रल्हाद म्हणाला. तिच्यापुढे खरं बोलायची त्याची छाती झाली नाही.

"मीपण पुण्याला जिन्यावरूनच पडायचे," ती म्हणाली. "दर वेळी उजव्याच गालावर."

प्रल्हादने तिची ट्रॉली आपल्या हातात घेतली.

"कुठेयत ते?" तिने विचारलं.

"जेलमध्ये. सोमवारी कोर्ट आहे."

तिने खांद्यावरची जड पर्स उतरवून ट्रॉलीत ठेवली.

"सोमवारी मलाही तिथे न्या. माझ्या जिन्याबद्दल सांगायचंय," ती म्हणाली आणि दाराकडे चालायला लागली.