व्हर्लीनताईनं साथ सोडली तो रविवार

या, अशा जवळ सरका. खुर्ची ओढून घ्या, मागे हीटरचा आवाज फार येतो. एक गोष्ट सांगायची आहे, आमच्याच मंडळीतली. ती घाबरलेल्या बाईची आहे, पण तुम्ही घाबरू नका. देव त्या दिवशी त्या खोलीत होता, एवढं धरून चाला.

व्हर्लीन म्युअरहेडनं ऑर्गनचा खटका दाबला आणि दोन्ही तळवे स्कर्टला पुसले. मग पुन्हा पुसले. तोंडात पेपरमिंटची गोळी होती, तिची चव केव्हाच गेली होती. समोर माणसं भरत होती. रविवारच्या टोप्या, इस्त्रीचे कोट, लोकरीच्या शाली. कधी काळी इथे गाद्यांचं गोदाम होतं. लंडनच्या दक्षिणेला, टायरवाले आणि भंगारवाले यांच्यामधल्या गल्लीत. तीस वर्षांपूर्वी मंडळीनं ते स्वतःच्या हातांनी रंगवून ताबोर प्रार्थनाघर केलं होतं. आता त्याच जागेवर बावीस मजली इमारत उभी राहायची होती. स्थानिक परिषदेनं होकार दिला होता. उरली होती एक सही किंवा एक नकार, आणि तो होता गुरुवारी निवडून येणाऱ्या महापौराच्या हातात.

बिशप एझ्रा टलक तिच्या बाकाशेजारी वाकले. त्यांच्या कपाळावर मे महिन्यातल्या गार सकाळीही घाम होता.

"रात्री झोपलीस का?"

"थोडी."

"आज महापौरपदाचे दोन उमेदवार यायचेत. आधी हॅलोवेल, मग त्या केलेहरबाई. पाच-पाच मिनिटं. व्यासपीठावरून मी कुणाचंही नाव घेऊ शकत नाही. घेतलं तर आपली धर्मादाय नोंदणी जाईल."

"ठाऊक आहे, पाळकबाबा."

"ऑर्गनला मात्र असा काही नियम नाही." ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "हॅलोवेल निवडून येणार, सगळे म्हणतात. त्यांनी मला शब्द दिलाय. तू फक्त सुरानं त्यांना उचल. त्यांना दिसलं पाहिजे की ही माणसं आपल्या मागे उभी राहिली."

व्हर्लीननं मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आता ताबोरची रीत सांगायला हवी. तिथलं प्रवचन बोलण्यात सुरू होतं आणि गाण्यात संपतं. टलक आधी साधं सांगत असतात, घरात बसून सांगावं तसं. मग मध्येच कुठेतरी त्यांच्या आवाजाला सूर सापडतो. त्या सुराखाली व्हर्लीन आपला सूर ठेवते, मग ती जागा सोडेल तिथे ते श्वास घेतात, आणि चारशे माणसं उभी राहतात. अहो, त्या वेळी छपराचे पत्रेसुद्धा गात असल्यासारखे वाटतात! पण त्यातूनच एक गोष्ट होऊन बसली होती. बाहेरचा कुणी पाहुणा बोलायला उभा राहिला आणि ताईनं त्याच्या शब्दांखाली सूर धरला, तर मंडळी समजायची की पवित्र आत्म्याला हा माणूस पसंत आहे. असा नियम कुणी केला नव्हता, आणि तो कधी कुणी मोडलाही नव्हता.

सहा वर्षांपूर्वी असाच एक जण आला होता, परिषदेच्या निवडणुकीला उभा. 'तुमची घरं तुमचीच राहतील,' तो म्हणाला, आणि व्हर्लीनचे हात आपोआप खाली गेले होते. मोठा, भरलेला सूर लागला होता. माणसं रडली होती. तो निवडून आला, आणि दीड वर्षात डोरेट पिनकच्या इमारतीवर पाडकामाची नोटीस लागली. डोरेट म्हणजे व्हर्लीनची गाण्यातली जोडीदारीण. तिला समुद्राकाठच्या एका गावात खोली मिळाली, गाडीनं दोन तासांवर. तिथे गाणारी मंडळी नव्हती. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. व्हर्लीनला कुणी बोल लावला नाही. फक्त डोरेटच एकदा फोनवर म्हणाली होती, "काही म्हण, पण तुझा तो सूर काय गोड लागला होता गं त्या दिवशी."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तेच तर व्हर्लीनला सहन होत नसे.

हॅलोवेल उभा राहिला. उंच, केस पांढरे होत आलेले, टाय न लावलेला. त्यानं माइकचा दांडा बाजूला सरकवला.

"बंधूंनो, भगिनींनो," तो हलक्या आवाजात म्हणाला, आणि थांबला.

व्हर्लीननं कान टवकारले. हा माणूस ही रीत कुठेतरी शिकून आला होता.

"या भिंती..." तो थांबला.

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं.

"हे छप्पर..." पुन्हा थांबला. आवाज एक पायरी वर गेला होता. "इथे पुरलेल्या तुमच्या तीस वर्षांच्या प्रार्थना..."

माणसं पुढे सरकली. टोप्या हलू लागल्या.

"महापौराच्या खुर्चीत मी बसलो, तर या घराच्या एकाही विटेला कुणी हात लावणार नाही!"

आणि त्यानं हनुवटी ऑर्गनकडे किंचित वळवली. जेमतेम बोटभर. मुरलेला गवई साथीदाराला करतो तशी ती खूण होती. तिनं कुठे यायचं हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

व्हर्लीनचा डावा हात खाली गेलाच होता. बोटं पट्ट्यांना टेकली होती, फक्त दाबायची राहिली होती.  वचन खरं असेल, खोटंही असेल. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. कळत एवढंच होतं की सहा वर्षांपूर्वीही बोटं अशीच, न विचारता, खाली गेली होती. तिनं दोन्ही हात ओढून घेतले आणि मांड्यांखाली दाबून ठेवले. चोरी करताना पकडलेल्या शाळकरी मुलीसारखी ती बसून राहिली.

काहीच वाजलं नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू आली. हॅलोवेल थांबला, वाट पाहिली, मग पुढचं वाक्य त्याच चढ्या आवाजात म्हणाला. पण खाली काही नसल्यामुळे ते वाक्य उघडं पडलं, आणि त्यालाही ते जाणवलं. कुणीतरी टाळी सुरू केली आणि बंद केली. टलक रुमालानं मान पुसत तिच्याकडे पाहत होते.

मग रोशीन केलेहर आली. बुटकी, सर्दी झालेली, हातात घडी घातलेला कागद.

"मला गाता येत नाही, आधीच सांगते," ती म्हणाली. थोडे लोक हसले. "तुमच्या जागेचे कागद मी वाचलेत. जागा वाचेल असं वचन मी देत नाही. आमचे वकील म्हणतात, निम्मी आशा आहे. मी लढेन. हरले तर पत्र पाठवणार नाही, इथे येऊन तुमच्या तोंडावर सांगेन." तिनं नाक पुसलं. "एवढंच."

तिच्या बोलण्यात सूर ठेवायला जागाच नव्हती. आणि हात तर अजून मांड्यांखालीच होते.

दोघांनाही पुढे दुसऱ्या सभांना जायचं होतं, ते निघून गेले. टलक यांनी प्रवचन आटोपतं घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते न गाता संपलं. आशीर्वादाआधी चहा होईल, असं त्यांनी सांगितलं, आणि ते बाजूच्या खोलीत गेले.

व्हर्लीनला वाटलं, आता लोक रागावतील. पण घडलं भलतंच. मंडळीतला क्लिंटन बोगल हातात बन आणि चीज घेऊन धावतच आला.

"ताई! अंगावर काटा आला बघ माझ्या. त्या माणसावरून आत्मा उठून गेला, सगळ्यांनी पाहिलं!"

"क्लिंटन, ऐक..."

"ऐकायचं काय राहिलंय आता? आमच्या घरची सहाच्या सहा मतं केलेहरबाईंना. क्रॉयडनच्या भावांनाही कळवून टाकलंय." त्यानं फोन दाखवला. "ऑर्गन वाजला नाही, एवढंच लिहिलं. ते काय समजायचं ते समजले."

"तिच्या वेळीही वाजला नव्हता की रे."

"ती वेगळी गोष्ट. तिनं मागितलंच कुठे?"

आणखी बायका आल्या. कुणी तिचे हात हातात घेतले, कुणी त्यांचं चुंबन घेतलं. "हे हात देवाचे," एक जण म्हणाली. खोलीभर फोन वाजत होते. पेकमचं प्रार्थनाघर, ब्रिक्स्टनचं, टॉटनहॅमचं. नदीपलीकडेही बातमी पोचली होती. चहाचा कप व्हर्लीनच्या हातात तसाच राहिला. तिनं कुणालाच निवडायचं नाही म्हणून हात काढले होते, आणि निवड होऊनही गेली होती. केलेहरबाई कोण, कुठली, तिला काय ठाऊक? उद्या तिनंही कुणाच्या दारावर नोटीस लावली तर?

तिनं कप खाली ठेवला आणि ती बाजूच्या खोलीत गेली. टलक खुर्चीत बसले होते, बूट काढून.

"तू मला तोंडघशी पाडलंस," ते म्हणाले.

"हो."

"तो निवडून आला तर आपलं काय होईल, कल्पना आहे?" मग त्यांचा आवाज बदलला, त्यात कसली तरी आशा होती. "खरं सांग, व्हर्लीन. आत्म्यानं थांबवलं का तुला?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यांनी गुडघे टेकले असते.

"नाही, पाळकबाबा. भ्याले मी."

त्यांनी बूट जवळ ओढले. "कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग नकोच बोलू. लोक समजायचं ते समजलेत. आणि भीतीतूनही देव बोलू शकतो की."

"सहा वर्षांपूर्वी मी न भिता वाजवलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा कोण बोललं होतं?"

त्यांनी बुटांत पाय घातले.

"मला माइक हवाय. आशीर्वादाच्या आधी."

"तू? तू तर कधी सूचनासुद्धा वाचल्या नाहीस."

"म्हणून तर भीती वाटतेय. लवकर द्या."

तीस वर्षं मंडळीनं तिची पाठच पाहिली होती. आता ती तोंड करून उभी राहिली तेव्हा काही जणांना ती चटकन ओळखूही आली नाही. तिनं ऑर्गनची कड धरून ठेवली.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. माइक जवळ असल्यामुळे तिचा श्वासही सगळ्यांना ऐकू गेला. "हात मी काढले. आत्म्यानं नाही. मी घाबरले होते. त्या साहेबांचं मला काही कळलं नव्हतं, बाईंचंही नाही कळलं. अजून कळलेलं नाही." ती थांबली. तिथे कुणी आमेन म्हटलं नाही. "डोरेटच्या वेळी तुम्ही माझ्या सुरावर मत दिलंत. आता माझ्या भीतीवर देऊ नका. क्लिंटन, भावांना फोन कर."

 क्लिंटन फोनकडे असा पाहत होता, जणू तो दुसऱ्याचाच आहे. एका बाईनं मघाशी चुंबन घेतलेले ओठ हातानं झाकले. व्हर्लीनला कळलं की यानंतर तिच्या वाजवण्याकडे कुणी पूर्वीसारखं पाहणार नाही. 

पहिल्या रांगेतून इसिल्डामाईचा आवाज आला. माई ब्याण्णव वर्षांच्या, त्यांना हळू बोलणं जमतच नाही.

"म्हणजे आता डोकं आपणच चालवायचं? या वयात?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

टलक उठले. ते व्यासपीठाकडे जातील असं सगळ्यांना वाटलं, पण ते गेले चहाच्या टेबलाकडे. टेबलाखाली कचऱ्याची काळी पिशवी होती. तिच्यात हात घालून त्यांनी सकाळी वाटलेली दोन प्रचारपत्रकं काढली, हॅलोवेलचं आणि केलेहरबाईंचं. दोन्ही चहानं भिजलेली. ती त्यांनी कोटाला पुसली, चष्मा लावला आणि जिथे होते तिथेच उभं राहून वाचायला सुरुवात केली.

"घरांविषयी," त्यांनी वाचलं. "पुढच्या चार वर्षांत..."

तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज सवयीनं वर चढला. त्याला सूर सापडत होता. ते थबकले, खाकरले, आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. या वेळी अगदी सपाट, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचावा तशी.

व्हर्लीन चौथ्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीवर बसली. हात कुठे ठेवायचे ते तिला सुचेना, म्हणून तिनं ते नुसते उघडे मांडीवर ठेवले.  शेजारच्या बाईनं पर्समधून पेन्सिल काढली.

"पाळकबाबा," मागून कुणीतरी म्हणालं, "ते चार वर्षांचं पुन्हा वाचा. हळू."

त्यांनी पुन्हा वाचलं.

गुरुवारी कोण निवडून आलं, ते तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं एवढंच आहे: आज रात्री देवापुढे आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांत व्हर्लीन म्युअरहेड हेही नाव घ्या.