फुलाच्या घशातली लव

मी झाडांची चित्रं काढते. जिवंत झाडांची नाही. दाबून, वाळवून, जाड कागदावर दोऱ्याने टाचून ठेवलेल्या झाडांची. आमच्या संग्रहालयात अशी लाखभर झाडं लोखंडी कपाटांत निजलेली आहेत. कपाट उघडलं की जुन्या गवताचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. नव्या माणसाला त्याने शिंका येतात. मला रविवारी तो वास आला नाही की चुकल्यासारखं होतं.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली तेव्हा मी कॉलेजात शिकवणार, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पण वर्गासमोर उभी राहिले की माझा आवाज पोटात जाऊन बसायचा. हात मात्र कुठेही स्थिर राहायचा. म्हणून इथे आले, त्याला सव्वीस वर्षं झाली.

आमच्या चित्रांत सावली रेघांनी दाखवत नाहीत, ठिपक्यांनी दाखवतात. मध्यम आकाराच्या पानाला दोन-तीन हजार ठिपके सहज लागतात. डोळा भिंगात, हात कागदावर, आणि या दोघांना माझी फारशी गरज नसते. त्यामुळे उरलेली मी हिंडायला मोकळी असते. सकाळी चहा घेताना माझी थोरली बहीण तिच्या कादंबरीतलं पान-दोन पान मोठ्याने वाचते. ते दिवसभर माझ्यासोबत चालतं. पुस्तकात कुठेही जिना आला, मग तो राजवाड्यातला असो की दवाखान्यातला, माझ्या डोक्यात एकच जिना उभा राहतो: माझ्या शाळेचा, सातवी पायरी फुटकी असलेला. लेखकाने संगमरवरी लिहिलेला असला तरी मी सातव्या पायरीवर पाय जपून टाकते. पुस्तक अर्धं लेखक लिहितो आणि अर्धं आपण, हे मला त्या पायरीमुळे कळलं. ते चांगलं की वाईट, याचा मी कधी विचार केला नव्हता.

चित्राच्या बाबतीत मात्र नियम कडक. जे पाहिलं नाही ते काढायचं नाही. प्रत्येक चित्राच्या मागे मी पेन्सिलीने यादी करते: पान, खालून तिसरं, चौपट. फळ, पाकिटातलं, दहापट. म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर त्याने तेच पान काढून पडताळावं.

गेल्या वर्षी एका डोंगरी झुडपाचं काम आलं. निळ्या फुलाचं, असं कागदावरच्या साठ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. फुलं वाळून कधीच तपकिरी झाली होती. कागद एकच, त्यावर फुलं दोनच. पाचपेक्षा कमी फुलं असली तर एकही फूल उघडायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. त्यातल्या एका फुलाची बाजू नशिबाने फाटलेली होती. त्या फटीतून जेवढं दिसलं तेवढं मी काढत होते.

समोरच्या इमारतीत तेव्हा कुणीतरी व्हायोलिन शिकत होतं. कोण ते मी कधी पाहिलं नाही. रोज तीन वाजता सुरू व्हायचं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण ती सुरावट मला पाठ झाली होती. एका चढावर ती रोज अडखळायची आणि थांबायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. मीही त्या जागेपाशी आले की श्वास धरायची. आणि एका दुपारी ती पुढे गेली. अडखळलीच नाही. वरच्या सुरावर जाऊन उभी राहिली, तिथून हळूहळू उतरली, आणि मला पुढचं काही अजिबात ठाऊक नव्हतं. ते संपलं तेव्हा पावणेपाच झाले होते आणि माझं चित्र पुरं झालं होतं.

सात महिन्यांनी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. सर आमचे प्रमुख. झुडपांवरचा त्यांचा ग्रंथ पंधरा वर्षं चाललाय आणि त्यातली सगळी चित्रं माझी.

"बसा बाई. नाही, उभ्याच राहा. नाही नाही, बसाच." सरांना आनंद झाला की ते असे गोंधळतात. कानावर खोचलेली पेन्सिल ते टेबलावर शोधत होते.

"कानावर आहे, सर."

"असू दे. या तुमच्या निळ्या फुलाने माझी झोप उडवली. पान जुन्या जातीचं, कळी जुन्या जातीची, मी म्हटलं चला, जुनीच जात. आणि मग फुलाच्या नळीतला घसा! जुन्या जातीच्या फुलाचा घसा कसा असतो?"

"गुळगुळीत."

"आणि हिच्या घशात लव! अकरा केस, एका कड्यात, जरासे पुढे झुकलेले. काय काढलेत तुम्ही ते! जसं काही कान देऊन ऐकताहेत. मी सगळ्या नोंदी चाळल्या, कुठेच नाही. नवी जात आहे, बाई." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालताच माझ्याकडे पाहिलं. "तिला मी तुमचं नाव दिलंय."

मी खुर्चीतून अर्धवट उठले.

"ना म्हणायचं नाही. सव्वीस वर्षं लोकांच्या नावांची झाडं काढलीत, एक तुमच्या नावाचं असू दे. आपण सगळे मातीत जाऊ. नाव राहील."

मला खोटं बोलायचं नाही. मला फार आनंद झाला. आमच्या घरात आता ताई आणि मी एवढ्याच उरलोय, पुढे कुणी नाही. शंभर वर्षांनी कुणीतरी अनोळखी माणूस डोंगरावर वाकून एका झुडपाकडे बघत माझं नाव चुकीच्या उच्चाराने म्हणेल, हे चित्र क्षणात माझ्यासमोर आलं. त्या माणसाच्या बुटांवरचा चिखलसुद्धा मला दिसला.

"मागची यादी तेवढी शाईने पक्की करून द्या," सर म्हणाले. "सोमवारी छापखान्यात जायचंय."

मी चित्र माझ्या टेबलावर आणलं आणि उलटं केलं. पान, खालून चौथं. कळी, डावीकडची. फूल, फाटक्या बाजूने, आठपट. त्याखाली लिहिलं होतं: घसा. आणि पुढे काही नव्हतं. आकडा नाही, खूण नाही. कोरा कागद.

मी कपाटातून तो कागद काढला आणि भिंगाखाली धरला. फट होती तशीच होती. पण त्या फटीतून घसा दिसत नव्हता. पाकळी तिथे आत दुमडलेली होती. मी दिवा डावीकडे घेतला, उजवीकडे घेतला. दिसलंच नाही. मग मी अकरा केस कुठून आणले? मी ती दुपार आठवून पाहिली. चढ आठवला, वरचा सूर आठवला, उतरण आठवली. भिंगात डोळा लावल्याचं काही आठवेना.

घरी आले तर ताई खिडकीपाशी स्टुलावर पाय टाकून वाचत होती. ती कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते. म्हणते, कोण मरणार ते कळलं की मग निवांत प्रेम करता येतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. हसता हसता तिला ठसका लागला.

"अगं बाई! उभ्या जन्मात पहिल्यांदा तू काहीतरी मनाने रचलंस, आणि रचून रचून काय, तर केस!"

"ताई, थट्टा नको."

"बरं, नाही करत. पण मला सांग, त्या मेल्या फुलाच्या घशात कोण डोकावणार आहे? आणि नावाचं काय ते? आपल्या आईचं नाव रेशनकार्डावरसुद्धा कुणी धड लिहिलं नाही. तुझं छापून येतंय तर येऊ दे की."

"ते खरं नसेल तरी?"

"मी दिवसभर खोट्या माणसांसाठी रडते. माझं कुठे काय अडलंय?"

"तुझ्या कादंबरीतल्या बाईला शोधायला कुणी डोंगर चढत नाही, ताई. या झुडपाला शोधायला लोक जातील. घशात लव असलेलं फूल शोधतील. एक विद्यार्थी जाईल, दुसरा जाईल. सापडणार नाही, मग लिहितील, नष्ट झालं. जे कधी नव्हतंच त्याच्यासाठी हळहळतील."

ताईने पुस्तक मिटलं. पानात खूण घालायला ती विसरली, असं तिचं कधी होत नाही.

"नसेलच असं कशावरून?" ती म्हणाली. "तू पाहिलं असशील. लिहायचं राहिलं असेल."

"असेल."

"मग उघडून बघ ना."

"उघडलं की फूल संपतं. आणि ते उघडायला सरांना आधी सांगावं लागेल."

"मग झोंबतंय ते फूल नाही," ताई म्हणाली. "सरांना सांगणं झोंबतंय."

थोरली बहीण असण्याचा फायदा हाच. काही न शिकता सगळं निदान करता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. बसले नाही. "सर, घशातली लव मी पाहिलेली नाही."

"म्हणजे?"

"मागे नोंद नाही. फटीतून घसा दिसत नाही. मी काल पुन्हा पाहिलं." मी घसा खाकरला. "तुम्ही वर्णन लिहिताना फूल बघितलं होतंत?"

"तुमचं चित्र समोर असताना?" सर म्हणाले आणि थांबले. ते हळूहळू लाल झाले, आधी कान, मग गाल. "म्हणजे मी सात महिने तुमच्या चित्राचं वर्णन करत होतो."

"हो, सर."

"आणि तुम्ही कशाचं चित्र काढत होतात?"

"ते मला नीट सांगता येणार नाही. समोर कुणीतरी व्हायोलिन वाजवत होतं."

"व्हायोलिन." त्यांनी तो शब्द एखाद्या नव्या झाडाच्या नावासारखा दोनदा उच्चारला. "व्हायोलिनच्या गजाला केस असतात, बाई. घोड्याचे. पण ते अकरा नसतात."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. सर खिडकीकडे वळले. त्यांना सात महिने झोप नव्हती, आणि ती जागरणं मी दिलेली होती. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पाठमोरेच म्हणाले, "असेलही. तुम्ही पाहिलं असेल. तुमचा हात उगाच काही करत नाही."

"मलाही तसं वाटतंय, सर. म्हणून तर भीती वाटते."

त्यांनी दंडक मोडण्याची चिठ्ठी स्वतः लिहिली आणि खाली सही केली. मी चिमट्याने फाटकं फूल सोडवलं. काचेच्या वाटीत गरम पाणी घेतलं, त्यात साबणाचा एक थेंब टाकला आणि फूल वर ठेवलं. ते आधी तरंगत राहिलं. मग त्याच्या कडेने पाणी चढू लागलं. वाळलेल्या फुलाला पाणी मिळालं की ते थोडा वेळ जिवंत झाल्यासारखं दिसतं. पाकळी सुटते, शिरा फुगतात, तपकिरी रंग चहासारखा पारदर्शक होतो. साठ वर्षांनी कुणाला तरी जाग यावी आणि आपण कुठे आहोत ते त्याला आठवू नये, तसं. आम्ही दोघं त्या वाटीवर वाकून उभे होतो. मला वाटत होतं, असू दे. लव असू दे. आणि हेही कळत होतं, की माझ्या वाटण्याचं या पाण्यात काही चालणार नाही.

दहा मिनिटांनी मी सुईने नळी उभी चिरली आणि दोन्ही बाजू पसरल्या. वाटी भिंगाखाली सरकवली.

"बघा," सर म्हणाले.

"नाही. आधी तुम्ही."

ते बसले. चष्मा कपाळावर ढकलला, खुर्ची पुढे ओढली. पुष्कळ वेळ पाहिलं. त्यांचा अंगठा भिंगाच्या चाकावर पुढे-मागे होत होता. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. दाढी करताना कानाखाली चार पांढरे केस राहून गेले होते.

"नाहीत," ते म्हणाले.

मग ते उठले आणि मी बसले. खरंच नव्हते. घसा स्वच्छ होता. एका केसाच्या मुळाची खूणसुद्धा नव्हती.

सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि टाइप केलेल्या पानावर माझ्या नावावरून एक रेघ ओढली. एकच, सरळ, न दाबता. मला वाटलं होतं फार लागेल. लागलं, पण सुई टोचल्याइतकं. नंतर काही दिवस हुळहुळत राहील असं.

"जुनीच जात," ते म्हणाले. "पण चित्र तर लागेलच. नवं काढावं लागेल. सोमवारपर्यंत होईल?"

"फूल दुपारपर्यंतच टिकेल, सर. मग विरघळायला लागेल."

"मग आत्ताच काढा." ते गेले नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल ओढून माझ्या बाजूला बसले, मांडीवर कोरा कागद घेऊन. "मीही पुन्हा पहिल्यापासून लिहितो. काय दिसतंय ते सांगा."

मी डोळा भिंगाला लावला. पाण्यात फूल अजून हलत होतं, अगदी सावकाश.

"गुळगुळीत," मी म्हटलं. "शिरा पाच. मधली शिरा दोन ठिकाणी फुटलेली."

पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला. "आणि आत? तळाशी?"

"तिथे अजून पाणी शिरतंय, सर," मी म्हटलं. "जरा थांबा."