तळं शेवटी

सासूबाईंनी बाकावर पाय ठेवून बुटाची नाडी करकचून आवळली, वर दुहेरी गाठ मारली, दोन्ही पाय जमिनीवर आपटून पाहिले आणि म्हणाल्या, "चल, आता मनोरा."

सून अजून बाकावरच होती. कागदी पेल्यातल्या चहाने तिचे ओठ भाजत होते आणि "आई, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं," हे वाक्य तिने नुकतंच मोठ्या मुश्किलीने घशापर्यंत आणलं होतं.

"आई, जरा बसू या ना. चहा तरी..."

"चहा घरीही मिळतो," असं म्हणत सासूबाई चालू लागल्यासुद्धा.

सत्तरी ओलांडलेली बाई. उभा जन्म शाळेत पीटी शिकवण्यात गेलेला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी रस्ता ओलांडताना त्या आजही आधी हात उभा करून गाड्या थांबवायच्या, आणि गाड्या थांबायच्यासुद्धा. सून दवाखान्यात एक्स-रे काढायची. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचे फोटो तिनेच काढले होते. "काय दिसतंय गं?" असं टेबलावर आडव्या पडल्या-पडल्या त्यांनी विचारलं, तेव्हा तिने नेहमीच्या सवयीने सांगितलं होतं, "डॉक्टर सांगतील." घरची सूनसुद्धा हेच म्हणते, याचा सासूबाईंना तेव्हा चांगलाच राग आला होता. पण नियम तो नियम. फोटो काढणाऱ्याने फोटो काढायचा, तोंड उघडायचं नाही.

दिसलं होतं ते मात्र तिच्या पक्कं लक्षात होतं. असल्या गुडघ्यांवर माणसाने घरातल्या घरात फिरावं, तेही भिंतीला धरून. आणि इथे सासूबाई मनोऱ्याच्या गोल जिन्यावर कठडा धरून एक-दोन, एक-दोन करत तिच्या पुढे चढत होत्या, आणि ती मागून धापा टाकत होती.

वर पोचताच तिच्या खिशातला फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. "सांगितलंस का?"

तिने फोन परत खिशात कोंबला. मनोऱ्यावरून खाली फेकता आला असता तर बरं झालं असतं.

खरं तर तिघांनी यायचं ठरलं होतं. कल्पनाही नवऱ्याचीच. कंपनी त्याला दुसऱ्या देशात पाठवत होती, चांगली पाच वर्षांसाठी, आणि दोघांचं जायचं ठरलं होतं. घर भाड्याने द्यायचं होतं आणि आईंनी थोरल्या मुलाकडे राहायचं होतं. थोरल्याकडे आई आठवड्याच्या वर कधी टिकल्या नव्हत्या. मोठ्या सुनेचं आणि त्यांचं मिठाच्या डब्यावरूनही वाजायचं. ही परदेशी जाण्याची गोष्ट थोरल्याला माहीत होती, जावेला माहीत होती, तिच्या माहेरी माहीत होती, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीलाही कुठून तरी कळली होती. माहीत नव्हती ती फक्त जिचं बिऱ्हाड हलणार होतं तिला. "मोकळ्या हवेत, निवांत, नीट समजावून सांगू," असं म्हणून नवऱ्याने या डोंगरावरच्या गावातल्या हॉटेलात गॅलरीची खोली घेतली आणि निघायच्या सकाळीच त्याला ऑफिसचं तातडीचं काम निघालं.

"तूच सांग ना," तो म्हणाला होता. "तू दवाखान्यात असतेस. तुला सवय आहे."

"मी फोटो काढते. सांगतात डॉक्टर."

"तेच गं. आणि तुझं ऐकते ती."

"तेच गं" म्हणजे नक्की काय, हे विचारायच्या आत त्याने बॅगा बसमध्ये चढवल्या होत्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदरांची सभा भरते म्हणतात. इथे सभाही भरली नाही, घंटा सरळ तिच्या हातात आली.

आणि मांजर काही केल्या हाती लागत नव्हतं.

हॉटेलच्या काउंटरवर गावाचा एक रंगीत नकाशा फुकट मिळत होता. पाहण्यासारख्या जागांवर त्यात लाल ठिपके होते. सासूबाईंनी तो आल्या-आल्या उचलला आणि शाळेच्या सहलीला आल्यासारखं सुनेला दामटायला सुरुवात केली. फुलांची बाग झाली. पुराणवस्तू संग्रहालय झालं. तिथे गंजलेल्या कुलपांसमोर सासूबाई इतका वेळ उभ्या राहिल्या की पहारेकऱ्याला संशय आला. मेणबत्त्यांचं दुकान झालं. दर ठिकाणी ती संधी शोधायची, आवाज खाली आणून "आई..." म्हणायची, आणि सासूबाई कुणा अनोळखी माणसाला गाठून विचारायच्या, "तुम्ही तो मनोरा पाहिलात का हो?"

"आई, आपण तळ्यावर जाऊ," मनोऱ्यावरून उतरल्यावर ती म्हणाली. नकाशात गावाच्या खालच्या अंगाला एक छोटं निळं तळं दाखवलं होतं. "तिथे फारसं कोणी नसतं म्हणे. बाकं आहेत. शांत बसता येईल."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"तळं शेवटी," त्या म्हणाल्या. "आधी प्रतिध्वनीचा कडा."

कड्यावर ही गर्दी. जो तो लोखंडी कठड्याला टेकून दरीत हाका मारत होता. कोणी स्वतःचं नाव ओरडत होतं, कोणी प्रेयसीचं. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडल्या, "सावधान!"

समोरच्या डोंगराने हुकूम जसाच्या तसा परत दिला. कठड्यापाशी दोन-चार पोक्त गृहस्थ नकळत ताठ झाले. लोक हसले, सासूबाईही हसल्या. सुनेला मात्र रडू यायच्या बेतात होतं. फोन पुन्हा थरथरला होता. "झालं का सांगून? कशी आहे ती?"

"मजेत आहे," तिने दात-ओठ खात टाइप केलं. "डोंगराला कवायत शिकवतेय."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने कोपऱ्यातलं दोघींपुरतं टेबल धरलं. पाव यायच्या आत सासूबाईंनी शेजारच्या टेबलावरच्या नवपरिणीत जोडप्याला बोलावून घेतलं. "या ना, या ना, खुर्ची ओढा! आम्हाला तरी कोण आहे बोलायला?" सुनेने लोण्यात सुरी अशी खुपसली की ती ताटलीवर खणकन वाजली.

मग रोपवे. इथे तिने मनाशी पक्कं केलं. दोन माणसांचा पाळणा, दार बाहेरून बंद, खाली दरी. आता सासूबाई जाणार कुठे? तिने स्वतः तिकिटं काढली, सासूबाईंना आत बसवलं, आपण समोर बसली. दार लागलं. पाळणा हलला, जमीन सुटली. आवाजाला धार येऊ न देता ती म्हणाली, "आई."

सासूबाईंनी डोळे गच्च मिटले होते.

"मला उंचीची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस. पोटात कसंतरी होतं."

काल मनोऱ्याच्या टोकावर कठड्यावरून वाकून खालच्या छपरांचे रंग सांगणारी हीच ती बाई! पाळणा वर पोचेपर्यंत सुनेने खालचं झाड पाहिलं नाही की ढग. ती समोरच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात राग दुधासारखा चढत गेला. नवऱ्याचा राग, सासूचा राग, आणि आपण नाही म्हणायला हवं होतं तिथे गप्प बसून बॅग उचलली, त्याचा राग.

वरच्या स्टेशनाबाहेर दगडी पायऱ्या होत्या. सासूबाईंनी उतरल्या-उतरल्या नकाशा उलगडला.

"आता रोपवाटिका. इथून वरच्या रस्त्याने..."

"आई, बसा!"

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. तिकीट फाडणाऱ्या माणसाने मान वर केली. सासूबाईंच्या हातातला नकाशा तसाच राहिला.

"एक मिनिट बसा. दोन दिवस झाले, मी तुमच्या मागे पळतेय. माझे पाय गेले, डोकं गेलं. मला काही बघायचं नाहीये. मला तुमच्याशी बोलायचंय आणि तुम्ही मला बोलूच देत नाही. दुपारची बस आहे आपली. मी काय करू, सांगा ना?"

सासूबाईंनी नकाशाची घडी घातली, मूळच्या घड्यांवरच घातली. मग कठडा धरून, एक पाय पुढे काढून, त्या हळूहळू पायरीवर बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, अगदी बारीक.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"काय ते नाही माहीत. काहीतरी आहे, एवढं माहीत आहे." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "अगं, या घरात मला कोणी उगाच फिरायला नेत नाही. तुझ्या सासऱ्यांनी नोकरीवर लाथ मारली, तेव्हा मला सर्कशीला नेलं. मध्यंतरात सांगितलं. थोरल्याला वेगळं राहायचं होतं, तेव्हा बागेत नेऊन आइसक्रीम दिलं. तुझे सासरे आता फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा छोट्याने मला समुद्रावर नेलं. ओल्या वाळूत बसवून सांगितलं. घरी कोणी काही सांगतच नाही. आणि या वेळी तर दोन दिवस, वर गॅलरीची खोली. म्हटलं, हे जरा भारीच दिसतंय."

सून खालच्या पायरीवर बसली.

"म्हणून मग ठरवलं, आधी डोंगर बघून घ्यायचा," सासूबाई म्हणाल्या. "एकदा सांगितलं की पुढचं काही दिसत नाही गं. त्या सर्कशीत मध्यंतरानंतर वाघ आले होते म्हणे. मला एकही आठवत नाही."

तिकीट फाडणारा आपल्या कामाला लागला होता. एक रिकामा पाळणा वर आला, वळला आणि तसाच खाली गेला. दोन दिवस घोकलेलं वाक्य सुनेच्या अजून तोंडात होतं, पण आता ते बाहेर काढायची तिला लाज वाटत होती.

"आता सगळं बघून झालंय," ती शेवटी म्हणाली. "सांगू?"

"नको."

"आई, कधीतरी..."

"तू नको," सासूबाई म्हणाल्या. "फोटो काढणाऱ्याने सांगायचं नसतं ना? मग? हे काही तू ठरवलेलं नसणार, म्हणजे एकटीने तर नाहीच. पण तू सांगितलंस ना, की ते तुझं होऊन बसेल. मी तुझ्यावर चिडेन. पुढे कधी तुझं तोंड बघितलं की मला ही पायरी आठवेल. स्वभाव आहे माझा, मला माहीत आहे. थोरलीशी माझं का बिनसलं, विचार कधी. आइसक्रीम तिच्याच हाताने दिलं होतं मला."

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"छोट्यावर मला चिडता येत नाही. कधी आलंच नाही. आणि ते त्याला चांगलं ठाऊक आहे. तरी तुला पाठवलं त्याने."

हे शेवटचं वाक्य त्या काही तावातावाने बोलल्या नाहीत. पण सुनेला ते लागलं ते लागलंच. "तेच गं" म्हणजे काय, ते आता तिला विचारायला नको होतं. आपल्या नवऱ्याला भित्रा म्हणून दोन दिवस ती मनातल्या मनात शिव्या घालत होती. तो नुसता भित्रा नव्हता, हिशेबीही होता. तिला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त संताप आला. मग ज्या बाईने आपल्याला दोन दिवस रानोमाळ पळवलं, ती स्वतःसोबत आपल्यालाही कशापासून तरी दूर पळवत होती, हे लक्षात आलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते बाहीनेच पुसले.

फोन थरथरला. "सांगितलंस का???" या वेळी तीन प्रश्नचिन्हं होती.

तिने फोन सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाचलं आणि फोन परत दिला.

"त्याला लिही, आज आम्ही येत नाही. खोली अजून एक दिवस ठेवतोय. तू ये. तळं बघायचं राहिलंय."

तिने शब्दन् शब्द तसाच लिहिला आणि पाठवून दिला. मग फोन पायरीवर उपडा ठेवला.

"पाय द्या इकडे," ती म्हणाली.

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

सासूबाईंनी नाही-हो करत पाय पुढे केला. गुडघा सुजलेला पातळावरूनही कळत होता. सुनेने पाऊल मांडीवर घेतलं आणि नाडीच्या गाठीत नख घातलं. ओल्या गवतातून चालून गाठ पक्की बसली होती. सासूबाई समोरच्या डोंगराकडे बघत होत्या, तीही बघू लागली. डोंगर बराच मोठा होता. गेले दोन दिवसही तो तिथेच असणार.

"मनोऱ्याने जीव घेतला गं माझा," सासूबाई म्हणाल्या.

"दिसत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू दिलंत?"

सासूबाईंना हसू आलं. तेवढ्यात पायरीवरचा फोन पुन्हा दगडावर घरघरला. सुनेने तो उलटा करून वाचला.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, तळ्यावर एवढं काय आहे?"

सासूबाईंनी डोंगरावरची नजर काढली नाही.

"काही नाही म्हणावं," त्या म्हणाल्या. "बसायला बाक आहे."